राजघराणी आणि एक आत्या

त्या वर्षी मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. एश्बॉर्नच्या ऑफिसचा, सकाळच्या एस-बान लोकलचा, रॉडेलहाइमला गाडी बदलताना रोज त्याच खांबापाशी उभं राहण्याचा, आणि सगळ्यांत जास्त जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांचा. बीजिंगच्या ऑलिंपिकचं वर्ष होतं ते. पेपरात रोज चीन असायचा आणि आमच्या टेबलावर रोज एक चिनी बाई जेवायला बसायची. आमच्या जर्मन सहकाऱ्यांची त्यामुळे फारच सोय झाली होती.

ती माझ्याच टीममध्ये होती. ती प्रोग्रॅम लिहायची आणि मी ते तपासायची, म्हणजे तिच्या चुका काढणं हीच माझी नोकरी. तरी मैत्री टिकली, कारण आम्ही दोघी बाड हॉम्बुर्गला राहायचो, दोघींच्या मुली सहावीच्या एकाच वर्गात होत्या, आणि दोघींनाही सकाळी गाडीत बोलायला नको असायचं. शेजारी बसून निवांत गप्प राहता येईल असं माणूस परदेशात सहज मिळत नाही.

आमचा प्रोयेक्टलाइटर, म्हणजे प्रोजेक्टचा प्रमुख, तसा भला माणूस. प्रोजेक्ट उशिरा चालला तरी आवाज चढवायचा नाही. पण जेवताना काटा हवेत धरून तो तिला विचारायचा, "आल्झो, एक विचारू का? तुमच्याकडे शाळेत हे सगळं शिकवतात? म्हणजे, जे खरंच झालं ते?" ती घास चावून संपवायची, डब्याच्या कोपऱ्यात चिकटलेला भाताचा शेवटचा दाणा काड्यांनी उचलून तोंडात टाकायची आणि म्हणायची, "थोडंफार." तो "गेनाऊ, गेनाऊ" करत मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त प्रश्नातलं साल बदललेलं.

खोटं कशाला बोलू, मलाही त्याच्यासारखंच वाटायचं. चिनी लोकांना त्यांचा इतिहास धड माहीत नसतो, त्यांना तो माहीत होऊ देत नाहीत, असं मीही पेपरात वाचून ठरवून टाकलं होतं. एकदा प्लॅटफॉर्मवर न राहवून तिला म्हटलं, "तुला माहीत नसतं, की तू सांगत नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ऑफिस सुटल्यावर माणूस जसं पाहतं तसं. "जे शिकवलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "जे शिकवलं नाही त्यातलंही बरंच माहीत आहे. यातलं काय मी त्याला वीस मिनिटांत, बटाट्यांबरोबर सांगू? तो कधी आपल्या आजोबांचं सांगतो का मला?"

गाडी आली. आम्ही चढलो आणि नेहमीसारख्या गप्प बसलो.

बाकी तिला इतिहास येत नव्हता असं म्हणणाऱ्याने तिच्याबरोबर एक आठवडा प्रवास करून दाखवावा. आमच्या बॉसने एकाच कामावर दोघांना नेमलं तर ती दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणीतरी राजा काढायची. त्यानेही असंच केलं होतं आणि त्याचं राज्य गेलं होतं. गाडी चुकली तर तिला एखादी लढाई आठवायची. सेनापती कोण, वारा कुठल्या दिशेचा होता, फितूर कोण झालं, सगळं शेजारच्या बिऱ्हाडात घडल्यासारखं सांगायची. आणि राजघराणी तर तोंडपाठ. श्या, शांग, झोऊ, छिन, हान, तिथून थेट मिंग आणि छिंगपर्यंत एका दमात, आपण पाढे म्हणतो तशा चालीवर. माझंही चौथीचं इतिहासाचं पुस्तक काही वाया गेलं नव्हतं. तिने घराणी म्हटली की मी गड म्हणायची. पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले आणि किती राखले ते मी तिला रॉडेलहाइमच्या थंडीत बोटांवर मोजून दाखवलं आहे.

पण गेल्या पन्नास-साठ वर्षांचा विषय निघाला की ती ओल्या फरशीवरून चालल्यासारखी बोलायला लागायची. मला ते खुपायचं. हजारो वर्षं पाठ असलेल्या बाईला बापाचं लहानपण कसं सांगता येत नाही, असं मनात यायचं. हाच प्रश्न स्वतःला विचारावा असं मला एकदाही सुचलं नाही.

मे महिन्यात मुलींच्या इतिहासाच्या बाईंनी एक गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारायचं: तुमच्या आयुष्यात एखादी गोष्ट पुरेशी नव्हती असा काळ कुठला? मग ते त्यांच्याच शब्दांत एक पान लिहून आणायचं. इथल्या शाळांना याची सवयच आहे. वर्गातल्या बाकीच्या मुलांचे आजी-आजोबा युद्धानंतरचे कोळसे आणि बटाटे सांगणार, हे ठरलेलं होतं.

माझी आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली होती. मैत्रिणीचे वडीलही आले होते, ते दहा दिवसांनी परत जाणार होते. म्हणजे दोन्ही घरांत वयस्कर माणसं हजर होती. तरी आम्ही दोघींनी काय करावं?

मी ऑफिसातून दमून आले होते. आई सोफ्यावर कोथिंबीर निवडत बसली होती. मुलगी वही घेऊन तिच्याकडे निघाली, तर मीच तिला थांबवलं. म्हटलं, इकडे ये, मी सांगते. काय पुरेसं नव्हतं? सैन्य. महाराजांकडे सैन्य पुरेसं नव्हतं, म्हणून गनिमी कावा. लिही. मुलगी जर्मनमध्ये कुरकुरली, की हे आजीचं नाही. मी म्हटलं, सगळं आजीचंच आहे, लिही. तिने निमूटपणे सह्याद्रीचा नकाशा काढला आणि मी त्यात गड भरले. आईने एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा कोथिंबिरीला लागली.

आठवड्याने वही परत आली. बाईंनी खाली लिहिलं होतं: नकाशा छान आहे, पण ही तुझी आजी नाही. पुन्हा करून आण. सकाळी गाडीत मी ते मैत्रिणीला चिडून सांगितलं, तर तिने मुकाट्याने पिशवीतून गुंडाळी केलेला मोठा कागद काढला. त्यावर राजघराणी होती, रंगीत पट्ट्यांत, आणि धान्य पुरेसं नसल्यामुळे त्यांतली कुठली बुडाली ते लाल बाणांनी दाखवलेलं. खाली तोच शेरा, फक्त आजीऐवजी आजोबा.

आम्ही हसलो. खूप दिवसांनी हसलो असू. मग ती एकदम थांबली.

"माझे बाबा सांगणार नाहीत," ती म्हणाली. "मी विचारून बघितलंय."

आणि पहिल्यांदाच तिने घरचं काही सांगितलं. त्यांच्याकडे एक जुना फोटो आहे. त्यात तिची आजी, अकरा वर्षांचे तिचे वडील, आणि त्यांचा हात धरून उभी असलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी. वडिलांना बहीण होती, म्हणजे हिला आत्या होती, एवढं त्यावरून कळतं. साठ सालच्या आसपास गावात अन्न नव्हतं, तेव्हा ती गेली असणार, हेही तिने मोठेपणी पुस्तकं वाचून जुळवलं होतं. पण घरात तिचं नाव कुणी घेत नाही. आजी न सांगता वारली. वडील आता मधूनमधून विसरायला लागले आहेत. या वर्षी ते आपल्या मुलीच्या घराचा मजला विसरले, पुढच्या वर्षी काय विसरतील ते सांगता येत नाही.

"मला छप्पन्न राजांची नावं येतात," ती म्हणाली. "आत्याचं नाव येत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि नेमकी कशाची ते मला अजून कळलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही सगळे कुरपार्कमध्ये गेलो. बेत काही नव्हता. म्हाताऱ्या माणसांना जरा मोकळी हवा मिळावी, एवढंच. माझी आई आणि तिचे वडील एका बाकावर शेजारीशेजारी बसले, कारण एकच बाक सावलीत होता. एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून दोघंही तळ्याकडे बघत बसले. मुलींनी पिशवीतला उरलेला पाव काढला आणि तुकडे करून बदकांना टाकायला लागल्या.

आजोबा, म्हणजे मैत्रिणीचे वडील, उठले. एवढे चटकन उठतील असं वाटलं नव्हतं. तळ्याच्या काठाशी जाऊन त्यांनी नातीचं मनगट धरलं. त्याच वेळी माझी आई बाकावरूनच ओरडली, "अगं ए, टाकू नका! अन्न आहे ते!" तिथे खायला घालू नये अशी पाटी होती. मला वाटलं, दोघंही पाटी बघून बोलले, आणि मी तसं म्हणूनही गेले. दोघांनाही जर्मन वाचता येत नाही, हे नंतर लक्षात आलं.

आजोबांनी उरलेला पाव कागदात नीट गुंडाळला आणि बाकावर येऊन बसले. आईने त्यांच्याकडे बघितलं. "त्यांना सांग," ती माझ्या मुलीला म्हणाली, "मीसुद्धा टाकत नाही."

माझी मुलगी घरात मराठीला जर्मनमध्येच उत्तर देते. पण आजीसमोर तिचा इलाज नव्हता. "का नाही टाकत, आजी?" तिने विचारलं. तिच्या हातात वही नव्हती, नशीब.

"बहात्तरचा दुष्काळ बघितला ना मी," आई म्हणाली. "तुझे आजोबा काम हुडकायला पुण्याला गेले होते. मी गावाकडं. सरकारी रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला जायची. तुझी आई सहा महिन्यांची होती. बाभळीला झोळी बांधायची, हिला त्यात टाकायची नि फोडत बसायचं. दुपारी सुकडी वाटायचे, गोड पीठ असायचं ते. घरी मिलो. लाल जोंधळा, बोटीतनं आलेला. भाकरी थापायला घेतली की तुटायची. माझं अंगावरचं दूध आटलं. मग सुकडी पाण्यात कालवून बोटानं हिला चाटवायची. वाटायचं, ही काही राहत नाही."

मुलीने ते जर्मनमध्ये मैत्रिणीच्या मुलीला सांगितलं, आणि तिने चिनीत आजोबांना. मी चार पावलांवर उभी होते. मी लहानपणी मरता मरता वाचले, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी माझ्या मुलीच्या तोंडून, जर्मनमध्ये कळलं. झोळी हा शब्द तिला येत नव्हता. तिने झाडाला टांगलेली पिशवी असं सांगितलं.

आजोबांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो उलट वाटेने आईपर्यंत आला: खडी केवढी फोडायची? आईने अंगठा आणि बोट जुळवून लिंबाएवढी दाखवली. त्यांनी मान हलवली. तसली खडी त्यांनीही फोडलेली असावी. मग ते तळ्याकडे बघत बोलायला लागले, थांबत थांबत, आणि त्यांची नात वाक्यावाक्याला जर्मन करत गेली.

गावाचं एकच स्वयंपाकघर होतं. सरकारी हुकमाने घरोघरच्या चुली बंद केल्या होत्या. ते भांडं घेऊन तिथे जायचे आणि सगळ्यांच्या वाटची पेज घरी आणायचे. पेज म्हणजे नुसतं पाणीच. वाट लांबची होती. वाटेत ते रोज एक घोट प्यायचे, एकच. एक दिवस बहिणीच्या वाट्याचं सगळं पिऊन टाकलं. घरी येऊन सांगितलं, सांडलं. बहीण रडली नाही. तिने रिकाम्या भांड्यात बोट फिरवून चाटलं. आठ दिवसांनी ती गेली.

नातीचा आवाज बारीक होत गेला होता. माझी मुलगी तिच्या प्रत्येक वाक्याचं मोडकंतोडकं मराठी करून आजीला सांगत होती. मैत्रिणीला कुणाच्या भाषांतराची गरज नव्हती. ती माझ्या शेजारी दोन्ही हात खिशात घालून उभी होती, आणि तिने बापाकडे एकदाही पाहिलं नाही.

आईने विचारलं, "तेव्हा केवढे होते ते?"

प्रश्न गेला, उत्तर आलं. "अकरा," माझी मुलगी म्हणाली. "माझ्याएवढे, आजी."

"मग त्यांना सांग, लेकरूच होतं ते. भुकेलेलं लेकरू होतं."

मुलगी क्षणभर अडली. मग तिने सांगितलं, आणि दुसरीने ते पुढे सांगितलं. आजोबांच्या मांडीवर पावाची पुडी तशीच होती. मग त्यांनी हळूच दोनच अक्षरं उच्चारली.

"ते काय म्हणाले?" माझ्या मुलीने विचारलं.

"ते नाव आहे," मैत्रीण म्हणाली. मग तिने खिशातून हात काढले आणि वडिलांजवळ जाऊन बसली. मी मुलींना घेऊन आइस्क्रीम आणायला गेले. तिथे थांबणं बरं दिसलं नसतं.

घरी येताना मी आईला विचारलं, "मग माझा जन्म पुण्याचा नाही?"

"पुण्याला तुला आणली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. शाळेच्या दाखल्यावर ह्यांनी पुणे घातलं. पुढं बरं पडेल म्हणून."

या देशात आल्यापासून किती फॉर्मुलारांवर मी जन्मस्थानाच्या रकान्यात पुणे असं ठासून लिहिलं आहे, ते मला आठवायला लागलं. "मला कधी सांगितलं का नाहीस?" मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली. "तुला गड विचारले की धडाधडा सांगायचीस. आम्हाला वाटायचं, पोरीला इतिहास चांगला येतो."

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच तसं समजत होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि टाकवलंही नाही.

मुलीने आजीचं पान लिहिलं. बाईंनी त्यावर चांगला शेरा दिला. मैत्रिणीच्या मुलीने मात्र राजघराण्यांचा तोच रंगीत कागद दुसऱ्यांदा दिला आणि चौथ्या दर्जाची खूण घेऊन आली, म्हणजे जेमतेम पास. मैत्रिणीचे वडील तोवर परत गेले होते. गाडीत मी तिला म्हटलं, "अगं, एवढं सगळं कळलं, आणि लिहू दिलं नाहीस?"

"तिला कळलं," ती म्हणाली. "मला कळलं. बाईंना कशाला?" थोड्या वेळाने तिने पर्समधून एक पाकीट काढून मला तो फोटो दाखवला. मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन चिनी अक्षरं लिहिलेली होती, नवी. मी ती वाचून दाखव असं म्हटलं नाही.

दुपारी टेबलावर प्रोयेक्टलाइटरने काटा हवेत धरला. ऑलिंपिकला आता थोडेच दिवस राहिले होते. "आल्झो," तो तिला म्हणाला, "तुमच्याकडच्या लोकांना आपला इतिहास खरंच माहीत असतो का?"

"थोडाफार," ती म्हणाली, आणि डब्यातला शेवटचा दाणा शोधायला लागली.

त्या दिवशी का कोण जाणे, तो माझ्याकडे वळला. "आणि तुमच्याकडे?"

एरवी मी गडांपासून सुरुवात केली असती. त्याला हवं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगितलं असतं. माझ्या डब्यात पोळीचा एक कडक झालेला कोपरा उरला होता, मी रोज टाकून द्यायची तसला. तो मी उचलला आणि चावून चावून खाल्ला. मग म्हटलं, "थोडाफार."